बरं कारण आणि खरं कारण

एखादा मोठा निर्णय समोर आला की माणूस चार जणांना विचारतो. नोकरी सोडू का, हे नातं टिकवू की मोडू, मुलीला तिच्या मनाप्रमाणे शाखा निवडू देऊ का. विचारणं चांगलंच. पण हे चार जण आपण कसे निवडतो, तिकडे सहसा लक्ष जात नाही. ज्याच्या मनाने नोकरी सोडायचं घेतलंय तो नेमका अशा मित्राला फोन लावतो, ज्याने स्वतः नोकरी सोडली आणि ज्याचं बरं चाललंय. ज्याची हिंमत होत नाही तो घरातल्या सगळ्यात सावध माणसाशी बोलतो. पुढे दोघंही सांगतात, "सगळ्यांशी बोलून, नीट विचार करून ठरवलं." सल्ला मागायला निघालो तेव्हाच निर्णय झालेला होता, हवी होती ती कुणाची तरी सही, हे दोघांच्याही ध्यानात येत नाही. ते कुणाशी खोटं बोललेले नसतात. स्वतःशी खरं बोलायचं तेवढं राहून गेलेलं असतं.

विवेकाची बाजू घेणारे आपण लोक एक गोष्ट गृहीत धरून चालतो: जो जास्त विचार करतो तो कमी फसतो. इतरांकडून फसण्याबाबत हे बऱ्याच अंशी खरंही असेल. स्वतःकडून फसण्याबाबत मात्र मला उलटंच वाटतं. बुद्धी तल्लख असली की आपल्याला जे करायचंच आहे त्यासाठी भक्कम कारण सापडायला वेळ लागत नाही. मठ्ठ माणसाला निदान कारण सुचत नाही म्हणून तरी कधी थांबावं लागतं. बुद्धी आपली वकिली फार छान करते, आणि पंचाईत अशी की न्यायाधीशाच्या खुर्चीतही तीच बसलेली असते.

अमेरिकेचा मुत्सद्दी आणि शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन याने स्वतःला या बाबतीत रंगेहाथ पकडलं होतं. सोळा वर्षांचा असताना त्याने मांसाहार सोडला. माशाने आपलं काहीच वाकडं केलेलं नसतं, तेव्हा त्याला मारणं ही विनाकारण हत्या, असं त्याचं त्या वेळचं तत्त्व. १७२३ मध्ये तो बॉस्टन सोडून निघाला. वाटेत ब्लॉक बेटाजवळ वारा पडला, जहाज जागच्या जागी थांबलं, आणि खलाशांनी कॉड मासे पकडून तळायला घेतले. वास नाकात शिरला. तत्त्व आणि जीभ यांची थोडा वेळ ओढाताण झाली. मग त्याला आठवलं की मासे चिरताना त्यांच्या पोटातून लहान मासे निघालेले आपण पाहिलेत. तुम्ही एकमेकांना खाता, मग आम्ही तुम्हाला का खाऊ नये? तो पोटभर जेवला. १७७१ मध्ये, पासष्टीत, आत्मचरित्र लिहायला घेतल्यावर त्याने हा प्रसंग सांगून शेरा मारला, की विवेकी प्राणी असणं ही मोठी सोयीची गोष्ट आहे: जे करायची इच्छा आहे त्यासाठी कारण शोधता येतं, नाहीतर बनवता येतं.

हा किस्सा लोक विनोद म्हणून सांगतात. मला त्यात रस वाटतो तो फ्रँकलिनने पुढच्याच वर्षी लिहिलेल्या एका पत्रामुळे. जोसेफ प्रीस्टली हा रसायनशास्त्रज्ञ त्याचा मित्र. त्याला लॉर्ड शेलबर्न या ब्रिटिश राजकारण्याकडून नोकरीचं बोलावणं आलं होतं, जावं की नाही कळेना, म्हणून त्याने फ्रँकलिनचा सल्ला मागितला. १९ सप्टेंबर १७७२ च्या उत्तरात फ्रँकलिन म्हणतो की पुरेशी माहिती नसल्यामुळे काय ठरवावं ते मी सांगू शकत नाही, कसं ठरवावं ते सांगतो. कागदाच्या मधोमध रेघ मारायची. एका बाजूला जाण्याची कारणं, दुसऱ्या बाजूला न जाण्याची. एका बैठकीत नाही, तीन-चार दिवस, जसजसं सुचेल तसं लिहीत जायचं. मग कोणतं कारण किती वजनाचं ते ठरवायचं, दोन्हीकडची सारख्या वजनाची कारणं खोडायची, आणि उरतं काय ते पाहायचं.

अशी यादी करून न पाहिलेला माणूस विरळा. आणि यादीत लबाडी किती सहज होते, ते केलेल्याला ठाऊक असतं. दुसऱ्या शहरातल्या नोकरीला जाण्याच्या बाजूने आपण लिहितो: नवं शिकायला मिळेल, प्रगतीची संधी आहे, अनुभवाचा आवाका वाढेल. ही तीन कारणं नव्हेत, एकच कारण तीनदा लिहिलंय. समोरच्या रकान्यात "आई-वडिलांपासून लांब" एवढ्या तीन शब्दांत दहा-पंधरा वर्षं बसवलेली असतात. आणि आत्ताच्या साहेबाचं तोंड पाहावंसं वाटत नाही, हे जे सगळ्यात वजनदार कारण, ते दोन्ही रकान्यांत कुठेच नसतं. ते लिहिण्यासारखं वाटत नाही.

फ्रँकलिनच्या पद्धतीत मला किमती वाटतात ते तीन-चार दिवस. रेघ कुणीही मारेल. पण सोमवारी भांडण झाल्यावर सुचलेलं कारण गुरुवारी झोप नीट झाल्यावर वाचलं, की ते कुणी लिहिलं असा प्रश्न पडतो. माणूस एकाच वेळी स्वतःचा फिर्यादी आणि साक्षीदार होऊ शकत नाही. वेगवेगळ्या दिवशी थोडाफार होऊ शकतो. आणि त्या पत्रातली दुसरी गोष्ट म्हणजे सल्ला न देण्यातली सभ्यता. निर्णय तुझा आहे, तो तुझ्याकडून काढून घेण्याइतकी माहिती माझ्याकडे नाही, हे म्हणायला मोठं मन लागतं. आपल्याकडे विचारायला आलेल्या माणसाला आपण किती झटकन मार्गी लावतो, ते आठवून पाहावं.

प्रत्येक निर्णयाला एक बरं कारण असतं आणि एक खरं कारण असतं. बरं कारण चारचौघांत सांगता येतं. खरं कारण सहसा भयंकर वगैरे नसतं, नुसतं साधं असतं: दमलोय, भीती वाटते, हेवा वाटतो, पैसे हवेत, एकटं पडायचं नाहीये. लोकांना बरं कारण सांगण्यात मला काही गैर दिसत नाही. राजीनाम्याच्या पत्रात "वैयक्तिक कारणास्तव" लिहिणारा ढोंगी नसतो. जगात वावरायचं तर एवढा आडपडदा लागतोच. प्रामाणिकपणा म्हणजे मनात येईल ते तोंडावर फेकणं, असं मानणारी माणसं मला तर अनेकदा स्वतःशी सगळ्यात कमी प्रामाणिक वाटली आहेत. "मी स्पष्टवक्ता आहे" हेही बहुधा एक बरं कारणच असतं.

घोटाळा होतो तो बरं कारण आपणच खरं मानायला लागतो तेव्हा, कारण पुढचा निर्णय त्याच्यावर उभा राहतो. एखादा माणूस तत्त्वासाठी नोकरी सोडली असं सांगतो. खरं म्हणजे आपल्या हाताखालच्याला आपल्याआधी बढती मिळाली, हे त्याला सहन झालेलं नसतं. यात लाजण्यासारखं काही नाही, कुणालाही लागेल. पण हे त्याने स्वतःपासून लपवलं, तर पुढची नोकरी तो तत्त्व पाहून शोधणार, तत्त्वनिष्ठ संस्थेत जाणार, तिथेही दोन वर्षांनी दुसऱ्या कुणाला बढती मिळणार, आणि हा म्हणणार, "इथेही तत्त्व उरलं नाही." खरं कारण ठाऊक असतं तर त्याने नोकरीच्या मुलाखतीत बढतीचे नियम विचारले असते. एवढाच फरक, पण तेवढ्यात अर्धं आयुष्य जाऊ शकतं. आत्मवंचनेत नीतीचा प्रश्न नंतर येतो. आधी ती चुकीची माहिती असते, आणि चुकीच्या माहितीवर कुणाचंच नीट चालत नाही.

खाजगी आयुष्यात निदान वास्तव आपल्याला गाठतं. चुकीच्या माणसाशी लग्न केलं तर रोज संध्याकाळी घरी जावं लागतं. न झेपणारं कर्ज काढलं तर हप्ता चुकत नाही. किंमत आपल्यालाच मोजावी लागते, म्हणून कधीतरी डोळे उघडण्याची शक्यता असते. राजकारणात ही शिस्त नाही. लाखो मतदारांत माझ्या एका मताने निकाल फिरण्याची शक्यता जवळजवळ शून्य, तेव्हा माझी समजूत चुकीची असली तरी माझं त्यामुळे काही बिघडत नाही. उलट आपल्या माणसांसारखी समजूत बाळगली तर मैत्री टिकते, घरात शांतता राहते. चुकीचं मत बाळगण्याची किंमत शून्याच्या आसपास, आणि लाभ रोजचा. आणि हाच हिशेब लाखोंनी केला की त्याची किंमत कुणीतरी तिसराच चुकवतो: दूरच्या प्रदेशातला, वेगळ्या जमातीतला, किंवा अजून जन्माला न आलेला. म्हणून माझं म्हणणं असं की स्वतःशी प्रामाणिक राहायची गरज खाजगी आयुष्यापेक्षा राजकारणात जास्त आहे, कारण तिथे बाहेरून धक्का देणारं कुणी नाही.

हा नुसता तर्क नाही. जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञाने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग पाहा. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना सरकारी कल्याण योजनेचे आराखडे वाचायला दिले, एक सढळ हाताचा, एक अगदी कडक. आराखडा कोणत्या पक्षाने उचलून धरलाय, ते मात्र बदलत ठेवलं. आपल्या पक्षाचा पाठिंबा आहे म्हटल्यावर उदारमतवादी विद्यार्थ्यांना कडक योजना पटली, आणि पुराणमतवाद्यांना सढळ योजना पटली. योजनेत काय लिहिलंय याला जवळजवळ किंमत उरली नाही. इथपर्यंत कुणाला फारसं आश्चर्य वाटणार नाही. पुढचं जास्त बोलकं आहे. मत कशावरून बनवलं असं विचारल्यावर विद्यार्थ्यांनी सांगितलं, योजनेच्या तपशिलावरून. पक्षाचा आपल्यावर परिणाम झाला नाही. इतरांवर मात्र होतो, विशेषतः विरोधी बाजूच्यांवर.

मग बुद्धी वाढवली तर? डॅन कहान आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न घेतला. २०१३ मध्ये मांडलेल्या त्यांच्या प्रयोगात लोकांसमोर एक तक्ता ठेवला. त्वचेवर पुरळ उठलेल्या माणसांपैकी नवं मलम लावलेल्या २२३ जणांचं पुरळ कमी झालं आणि ७५ जणांचं वाढलं. मलम न लावलेल्यांपैकी १०७ जणांचं कमी झालं, २१ जणांचं वाढलं. मलम गुणकारी आहे का? पहिल्या नजरेत २२३ हा आकडा डोळ्यांत भरतो आणि उत्तर "हो" येतं. भागाकार केला की कळतं, मलमवाल्यांत एक बिघडला तर तीन सुधारले, बिनमलमवाल्यांत एक बिघडला तर पाच सुधारले. म्हणजे मलम न लावलेलंच बरं. ज्यांचं गणित चांगलं होतं त्यांनी हे जास्त प्रमाणात बरोबर ओळखलं, जसं व्हायला हवं तसं. मग तेच आकडे घेऊन फक्त मथळा बदलला: सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल लपवून बाळगण्यावर बंदी घालणारी शहरं आणि न घालणारी शहरं, गुन्हे वाढले की घटले. आता मात्र गणित चांगलं असणाऱ्यांनीही आपल्या राजकीय बाजूला सोयीचं उत्तर पहिल्या नजरेत मिळालं तर तिथेच थांबायचं पसंत केलं. गैरसोयीचं दिसलं तेव्हाच भागाकाराला हात घातला. दोन्ही बाजूंमधली दरी गणितात कच्च्या असणाऱ्यांपेक्षा गणितात पक्क्या असणाऱ्यांत जास्त रुंद निघाली. पुढे इतरांनी हा प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा हुशारीचा हा परिणाम प्रत्येक वेळी तितका ठळक आला नाही, त्यामुळे त्याच्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण हुशारी पक्षपातापासून वाचवत नाही, एवढं म्हणायला माझी हरकत नाही. भागाकार येतो की नाही हा प्रश्न गौण; तो आपण कधी करतो, हा खरा प्रश्न.

निवड करून झाल्यावरची गोष्ट आणखी निराळी. व्हँकुव्हरच्या घोडदौडीच्या मैदानावर केलेला, १९६८ साली प्रसिद्ध झालेला एक छोटासा अभ्यास आहे. दोन डॉलरची पैज लावायला रांगेत उभ्या असलेल्यांना विचारलं, तुमचा घोडा जिंकेल असं कितपत वाटतं? आणि पैज लावून खिडकीपासून बाजूला झालेल्यांनाही तेच विचारलं. पैज लावून झालेल्यांचा विश्वास स्पष्ट जास्त होता. मधल्या काही सेकंदांत घोड्याला काहीही झालेलं नव्हतं. १९७६ मध्ये कॅनडातल्याच अभ्यासकांनी मतदान केंद्राबाहेर असाच प्रश्न विचारला, आणि मत देऊन आलेल्यांना आपला उमेदवार, मत द्यायला निघालेल्यांच्या तुलनेत, जास्त लायक वाटत होता आणि जिंकेल असंही जास्त वाटत होतं.

"कमी वाईट" उमेदवाराला मत देण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. बहुतेक निवडणुकांत दुसरा पर्यायच नसतो, आणि आदर्श उमेदवाराची वाट पाहत घरी बसणं हाही एक निर्णय असतो, त्याचेही परिणाम होतात. तक्रार आहे ती पुढच्या प्रवासाबद्दल. सकाळी नाक मुरडत दिलेलं मत संध्याकाळपर्यंत "तसा बरा माणूस आहे" इथे येतं, महिन्याभरात "त्याच्याशिवाय आहे कोण?" इथे, आणि वर्षाच्या आत त्याच्या टीकाकारांचे हेतू तपासले जाऊ लागतात. उमेदवार तोच असतो, बदललेले आपण असतो. पहिल्या दिवशी जे दोष आपणच बोटावर मोजून दाखवत होतो, ते आता कुणी दुसऱ्याने दाखवले की अंगावर येतं.

या सगळ्यातून लोक निर्बुद्ध आहेत असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. सूज्ञ म्हणवणाऱ्यांना तो फारच आवडतो. त्यात "लोक" म्हणजे आपण सोडून बाकीचे. स्वीडनमधला एक प्रयोग मला उलट दिशेने विचार करायला लावतो. २०१० च्या तिथल्या सार्वत्रिक निवडणुकीआधी लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी रस्त्यावरच्या मतदारांकडून प्रश्नावली भरून घेतली: कर, आरोग्यसेवा वगैरे मुद्द्यांवर तुमचं मत काय. मग हातचलाखीने काही उत्तरं विरुद्ध आघाडीच्या बाजूची करून तोच कागद समोर ठेवला आणि म्हटलं, आता याची कारणं सांगा. बदललेल्या उत्तरांपैकी फार तर २२ टक्के उत्तरं लोकांच्या लक्षात आली. बाकीच्या उत्तरांचं त्यांनी मनापासून समर्थन केलं, आणि शेवटी उलटी झालेली एकूण बेरीजही ९२ टक्के लोकांनी आपलीच म्हणून मान्य केली. फसवणूक म्हणून हे हसण्यासारखं आहे खरं. पण बघा, हे लोक दुसऱ्या बाजूची कारणंही देऊ शकत होते, आणि ती कारणं बरी होती! पक्षाचं नाव बाजूला झालं की माणूस आपल्याला वाटतो त्याहून कितीतरी मोकळा असतो. आपली मतं दगडावर कोरलेली नाहीत. ती तशी आहेत हा आपला समज तेवढा दगडी आहे.

मग करायचं काय? मला एकच उपाय भरवशाचा वाटतो, तो म्हणजे बाजू उलटवून पाहणं. आपल्या नेत्याने केलं ते विरोधी नेत्याने केलं असतं तर आपण काय म्हटलं असतं? हे म्हणायला सोपं आहे, करायला नको वाटतं, कारण उत्तर बहुधा लगेच मिळतं. याचा मला माहीत असलेला उत्तम नमुना पुन्हा फ्रँकलिनचाच. या माणसाने स्वतः गुलाम बाळगले होते, आणि त्याच्या वर्तमानपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापून येत होत्या. कारणं बनवण्यातली सोय त्याला तळलेल्या माशापुरतीच ठाऊक होती असं नाही. ती त्याने दशकानुदशकं वापरली. पण १७८७ मध्ये तो पेनसिल्व्हेनियातल्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला, आणि फेब्रुवारी १७९० मध्ये त्याच्या सहीचा अर्ज अमेरिकी काँग्रेससमोर गेला. जॉर्जियाच्या जेम्स जॅक्सनने प्रतिनिधिगृहात गुलामगिरीचं जोरदार समर्थन केलं. त्यावर फ्रँकलिनने मार्चमध्ये वर्तमानपत्रात एक लेख धाडला. त्यात उत्तर आफ्रिकेतल्या अल्जीयर्सच्या दरबारातल्या एका काल्पनिक सरदाराचं भाषण आहे: ख्रिस्ती लोकांना पकडून गुलाम करणं आपण बंद करावं का? नको. मग या उष्ण प्रदेशात आपली शेती कोण करणार? मालकांच्या नुकसानीची भरपाई कोण देणार? आणि त्यांच्या देशात ते सुखी होते कुठे, इथेच त्यांचं भलं आहे. जॅक्सनची कारणं जशीच्या तशी, फक्त साखळी दुसऱ्याच्या पायात. फ्रँकलिन तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचा होता. १७ एप्रिलला तो गेला.

आता काही रास्त आक्षेप. एक असा की सामान्य माणसाला एवढा वेळ कुठे आहे? करधोरण, परराष्ट्र संबंध, आरोग्य विमा, सगळ्यांचा अभ्यास करून मत बनवायचं म्हटलं तर जगायचं कधी. मान्य. विश्वासावर चालावंच लागतं, आणि पक्षावर विसंबणं हाही विवेकच असू शकतो, जसे आपण डॉक्टरवर विसंबतो. फक्त ते तसं मान्य करावं. "या विषयातलं मला कळत नाही, अमुक पक्षाचं म्हणणं मी मानतो" हे वाक्य मला भर चर्चेत कुणी बोललेलं फारसं आठवत नाही. आपण उसनं मत घेतो आणि ते कमावलेलं म्हणून मिरवतो. उसनं आहे हे लक्षात असलेला माणूस ज्याच्याकडून घेतलं त्याच्यावर नजर ठेवतो. स्वतःचं समजणारा त्याच्यासाठी भांडायला उभा राहतो.

दुसरा आक्षेप असा की व्यक्तीच्या निवडीचा फार गवगवा केला की समाज विस्कटतो, प्रत्येक जण आपली चूल वेगळी मांडतो. इथे एक गफलत आहे. स्वतंत्र निवड म्हणजे वेगळी निवड नव्हे. सगळे पूर्वेला चालले म्हणून पश्चिमेला जाणाऱ्याचा रस्ताही गर्दीनेच ठरवलेला असतो. विचार करून बहुमताबरोबर जाणारा माणूस स्वतंत्र असू शकतो, आणि जन्मभर बंडखोरी केलेला माणूस एकदाही स्वतःचं ठरवू शकलेला नसतो. स्वतःच्या मनाची ग्वाही घेतली की नाही एवढंच पाहायचं. ती घेऊन पाय कुठे वळले हा नंतरचा भाग.

डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलचा हवाला देऊन बजावलं होतं की कितीही थोर माणसाच्या पायाशी आपलं स्वातंत्र्य वाहू नका. राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. ते भाषण आज सगळ्याच बाजूंचे लोक ऐकवतात. ऐकवतात ते मात्र समोरच्याच्या नेत्याबद्दल. आपल्या नेत्यासाठी ते वाचणारा भेटला तर त्याच्याशी ओळख वाढवायला मला आवडेल.

याच मिलची एक भूमिका आज विचित्र वाटते. व्यक्तिस्वातंत्र्याचा एवढा मोठा पुरस्कर्ता, पण गुप्त मतदानाला त्याचा विरोध होता. तरुणपणी तो त्याच्या बाजूने होता, नंतर मत बदललं. १८६१ मध्ये त्याने मांडलं की मत हा माझा खाजगी हक्क नाही, ती समाजाने माझ्याकडे सोपवलेली ठेव आहे; मग ती मी कशी वापरतो हे लोकांना दिसायला हवं. पडद्याआड माणूस स्वार्थाने, रागाने, पंथाच्या वा वर्गाच्या ओढीने शिक्का मारेल आणि त्याला कुणी जाब विचारणार नाही. मिल हरला, आणि हरला तेच बरं झालं. १८५६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी गुप्त मतदान आणलं, १८७२ मध्ये ब्रिटनने कायदा केला. उघड मतदानात जमीनदार, कारखानदार आणि गावातला दांडगा यांच्यासमोर गरिबाला मत नावाची गोष्टच उरत नव्हती. व्यक्तीला एकटं सोडल्याशिवाय तिला निवड करता येत नाही, हे त्या लाकडी आडोशामागचं शहाणपण.

तरीही मिलच्या शंकेला उत्तर मिळालेलं नाही. आडोशामागे जाब विचारायला एकच माणूस उरतो, आणि तो आपल्या बाजूचा असतो. त्याला थोडं अडचणीत आणण्याची एक युक्ती आहे. मतदानाआधी आठवडाभर, फ्रँकलिनच्या तीन-चार दिवसांसारखं वेगवेगळ्या मनःस्थितीत, एका कागदावर लिहून ठेवायचं: मी ज्याला मत देणार आहे त्याने कोणत्या तीन गोष्टी केल्या तर मी पुढच्या वेळी त्याला मत देणार नाही. मोघम नको, "भ्रष्टाचार केला तर" असलं काही नको. वर्षभराने घडलं की नाही हे हो-नाहीत सांगता येईल असं लिहायचं. खाली तारीख टाकायची. त्या तीनपैकी एखादी गोष्ट घडल्यावर कागद काढला की मन काय काय सुचवायला लागतं ते पाहण्यासारखं असतं: तेव्हा परिस्थिती वेगळी होती, माझ्या म्हणण्याचा अर्थ तो नव्हता, आणि दुसऱ्यांनी नाही का केलं? हा कागद कुणाला दाखवायचा नाही. दाखवायचा ठरवला की तो दाखवण्यासाठी लिहिला जाऊ लागतो, आणि मग त्यातही बरी कारणंच उतरतात.